सुट्टीची चंदी

आमच्या आत्याला सगळी गल्ली कवडीचुंबक म्हणायची. माणसांच्या बाबतीत ते साफ खोटं होतं. माझ्या ताटात ती मी नको नको म्हणेपर्यंत वाढायची. पण घोड्याच्या चंदीवर, म्हणजे त्याच्या रोजच्या दाण्यावर, तिचा हात भलताच आखडता. दाण्याच्या पेटीची किल्ली कायम तिच्या कमरेला. कामाच्या दिवशी तीन मापं, सुट्टीच्या दिवशी एक, तेही सपाट. बाकी नुसतं गवत.

"राबेल त्या दिवशी खाईल," ती म्हणायची. "बसून खाल्लेलं घोड्याला पचत नाही, अंगावर उलटतं."

तिनं लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडेच राहायची. बाबा वखारीतलं लाकूड गाडीवरून पोचवायचे आणि गाडी ओढायचा तो पोस्टमन. दर दारापाशी थांबायची खोड, म्हणून हे नाव. आत्या रोज सकाळी त्याची लीद काडीनं फोडून बघायची. त्यात अख्खे दाणे दिसले की दात तपासायचे, पातळ झाली की गवत बदलायचं. खूर उचलून त्याचा वास घ्यायची. मी नाक मुरडलं की म्हणायची, "तुझ्या मोज्यांपेक्षा बरा आहे." एवढं करूनही पोस्टमनचा जीव बाबांवर. बाबा त्याच्याशी गप्पा मारायचे, आत्या नुसती तपासायची. कोणाला आवडेल?

मग तिच्या मोठ्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आत्या चार दिवस गेली आणि किल्ली बाबांकडे आली. नेमकी त्याच वेळी वखारीची करवत बिघडली. तीन दिवस काम बंद. बाबांना कळवळा आला. "वर्षभर राबतो बिचारा, सुट्टीत तरी पोटभर खाऊ दे," म्हणत रोज तीन मापं, तीही शिगोशीग. "ताईला सांगू नकोस हं," ते मला म्हणाले. मीही हसले.

चौथ्या दिवशी गाडी भरून निघालो. मला वाटेत शाळेत सोडायचं होतं. साधा चढही नव्हता, पण बेकरीच्या कोपऱ्यावर येईतो पोस्टमन घामानं निथळला. मागचे पाय ताठले आणि तो थांबला. बाबांना वाटलं, पोटात दुखतंय. पोटदुखीत घोडा चालवतात एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून गाडी सोडून ते त्याला ओढायला लागले. जमलेल्या शहाण्यांना तर 'घोडा का अडला? न फिरवल्यामुळे' हे लहानपणापासून पाठ.

"फिरवा हो, फिरवा त्याला!" बेकरीवाला ओरडत होता. पोस्टमन कण्हत एकेक पाऊल टाकत होता.

आत्या त्याच सकाळच्या बसनं परतली होती. मी धावत जाऊन तिला आणलं. तिनं लांबूनच आरोळी ठोकली, "थांबव! एक पाऊल टाकू देऊ नकोस!"

तिनं पोस्टमनच्या पुठ्ठ्यावर, मागच्या मांसल भागावर, हात दाबला. तेवढ्यात पोस्टमननं लघवी केली, कोऱ्या चहासारखी काळपट. आत्याचा चेहरा उतरला.

"पोट नाही रे हे. मागचं मांस आखडून दगड झालंय. चालवलंस की तेच तुटून रक्तात उतरतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!"

जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनीही तेच सांगितलं. त्यांनी सलाईन लावलं. "लघवी साफ होईपर्यंत जागचा हलवायचा नाही," ते म्हणाले. "मूत्रपिंडं टिकली तर जगेल. दोन दिवसांत कळेल."

मग तबेलाच रस्त्यावर आला. वर बेकरीवाल्याची ताडपत्री, पोस्टमनच्या पाठीवर आमची पांघरुणं, पुढ्यात गवत आणि पाणी. दाणा बंद. रहदारी वळसा घालून जायची. आत्या उलट्या खोक्यावर बसून राहिली. दर वेळी पांढऱ्या मगात लघवी धरायची आणि उजेडात रंग बघायची. बेकरीवाल्यानं चहा आणला तर म्हणाली, "आत्ता नको. रंग बघून बघून शिसारी आलीये."

दुसऱ्या दिवशी बाबांनी धीर केला. "ताई, मी सुट्टीत..."

"पेटी बघितली मी कालच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून दाणे पोटातून परत येणार होते का? पाणी बदल त्याचं."

तिसऱ्या सकाळी मगात फिकट पिवळा रंग आला. डॉक्टरांनी पुठ्ठे दाबून बघितले. "न्या घरी. हळूहळू."

आत्यानं दोर धरला, जिभेनं टकटक केलं. पोस्टमन ढिम्म. तिनं मान थोपटली, दोर जरासा ओढला. तरी हलेना. बाबा दोन दिवस खालमानेनं मागेच उभे असायचे, ते पुढे आले आणि नुसतं पुटपुटले, "चल रे."

पोस्टमनचे कान वळले. आत्याच्या हातातून दोर निसटला आणि तो बाबांच्या मागे निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तुमच्या मायेनं वाचला हो!" बेकरीवाल्यानं बाबांची पाठ थोपटली. बाबांनी मान वर केली नाही.

मला बाबांचा राग आला, घोड्याचा तर त्याहून जास्त. "आत्या, सांग ना त्यांना!"

"काय सांगू?" ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "वाईट वाटलं गं मला, खोटं कशाला बोलू."

मग ती तिथेच रस्त्यात उकिडवी बसली आणि जाणाऱ्या घोड्याकडे खालून बघत राहिली.

"पण बघ," ती म्हणाली, "मागचा डावा पाय कसा सरळ टाकतोय."