बारा रुपयांचा गोळा

फिक्सरेट मावशीशी कोणी घासाघीस केली, की ती विकायला मांडलेला माल त्याच्यादेखत स्वतः खायची. वडवणीच्या आठवडी बाजारात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एक गिऱ्हाईक "दहाला द्या की" म्हणालं. मावशीने चॉकलेटात बुडवलेला केकचा गोळा काडी धरून अख्खा तोंडात घातला आणि चावत चावत म्हणाली, "आता बाराला बी न्हाई. नीघ."

तिचं खरं नाव आमच्या गल्लीत कोणी घेत नसे. बीडच्या एका बेकरीत तिने उमेदीची वर्षं घालवली होती. बेकरी बंद पडल्यावर ती वडवणीला परत आली, ती ही विद्या घेऊनच. केक कुस्करायचा, आटवलेलं दूध घालून गोळे वळायचे, काडी खोचायची आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवून काढायचे. पापड-कुरडयांना विटलेल्या आमच्या बचत गटाला तिने हे शिकवलं. शिकवताना शिव्याही भरपूर दिल्या. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा थेंब पडला तरी त्याचे खडे होतात. "अख्खा जिल्हा पाण्यापायी तडफडायलाय, अन् ह्या नवाबाला पाण्याचं वावडं!" असं म्हणत ती प्रत्येक पळी चार-चारदा पुसून घ्यायची.

पाणी लागायचं ते नंतर, भांड्यांना. चॉकलेटची चिकट पातेली सहजासहजी निघत नाहीत. त्या दुष्काळात आम्ही ड्रमने पाणी विकत घेत होतो. मावशीने गोळ्याच्या भावात भांडी घासायचं पाणी धरलं, तेव्हा आम्ही हसलो.

"पाण्याचे पैसे काऊन लावता मावशी?" मीच विचारलं.

"टँकरवाला तुझा मामा हाय?"

मग तिने हातांचे दोन रुपये धरले. गटातली एक म्हणाली, "घरी बसून तर करतो, त्याचे कसले पैसे?" मावशीने पातेलं आपटलं. "मैदा दुकानदाराचा, साखर कारखान्याची, पाणी टँकरवाल्याचं. समद्यांला पैसे. माझे हातच तेवढे फुकट व्हय गं?" असा तो बारा रुपयांचा भाव ठरला होता. तो आम्ही मोडला. नीट सांगायचं तर मी मोडला.

तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा महिला मेळावा होता. चेअरमनसाहेबांनी गटाला पाचशे गोळ्यांची ऑर्डर दिली, पण भाव आठ रुपये. "तुमचीच जाहिरात होईल," म्हणाले. मावशी ताडकन उठली. "आठला करायचं आसंल तर मला हाक मारू नका." मी गटाची सचिव. मोठ्या माणसाशी वाकडं कशाला, म्हणून मी होकार दिला. साहेबांनी धमकी दिली नव्हती, डोळे वटारले नव्हते. नुसते हसले होते. तेवढ्यावर मी वाकले, याचा संताप मला आजही येतो.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी माझ्याच हातून ओली पळी पातेल्यात गेली. सगळ्या चॉकलेटचे खडे झाले. गावात दुसरं चॉकलेट मिळेना. मी मावशीच्या दारात जाऊन रडले. ती मला नाही नाही ते बोलली, मग बाजारासाठी ठेवलेले स्वतःचे चॉकलेटचे स्लॅब पिशवीत भरून आली. "तुज्यासाठी न्हाई. गटाची नाचक्की नगं." खडे झालेलं चॉकलेट तिने केकच्या चुऱ्यात मळायला लावलं, आणि पाचशे गोळे बुडवून होईपर्यंत ती खाली बसली नाही. स्लॅबचे पैसे आम्ही तिला दिले. हातांचे द्यायला आठ रुपयांत काही उरलंच नव्हतं, आणि तिने मागितलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब स्टेजवर गोळा उंच धरून बोलले, "बाजारात बारा रुपये! आपल्या भगिनींनी आठमध्ये दिला. याला म्हणतात घरची माणसं!" बायकांना स्वतःच्या पायावर उभं करायला निघालेला हा माणूस! टाळ्या कडाडल्या. मावशी मंडपाच्या टोकाला उभी होती. टाळ्या मीही वाजवल्या, लाज नाही वाटली मला.

पुढच्या बाजारात जो तो आठच म्हणू लागला. मावशीने एक गोळा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. मग ट्रे झाकला आणि घरी गेली. ती पुन्हा बाजारात बसली नाही. पुढे लेकीकडे बीडला राहायला गेली.

परवा मी तिच्याकडे गेले, माझ्या हातच्या गोळ्यांचा डबा घेऊन. थकली आहे फार. एक गोळा तिने खाल्ला.

"भाव काय?"

"पंचवीस."

"पाण्याचे धरले?"

"धरले."

"हातांचे?"

"धरले, मावशी."

"अन् त्या दिवशीचे माझे?"

मी घाईघाईने पर्स उघडली. तिने फटकन माझ्या हातावर मारलं.

"आता दिऊन मोकळी व्हतीस व्हय? न्हाई घेत मी. ऱ्हाऊ दे तुज्याच अंगावर," ती म्हणाली, आणि डब्यातला दुसरा गोळा काडी धरून अख्खा तोंडात घातला.