शनिवारची बदली

लडकूच्या उजव्या भुवईत एक तिरकी खूण होती. काळजीत पडला की त्याचं बोट आपोआप तिथं जायचं. पंचाहत्तर सालच्या त्या फेब्रुवारीत ते बोट तिथून हललंच नाही.

मैनाला, त्याच्या बायकोला, द्राक्षांचे मळे बघायचे होते. तिची बहीण गोदू पिंपळगावकडे दिलेली. गोदूचा नवरा एका बागेत राखणीला होता. बागेचा मालक द्राक्षं विकायचा, आणि उरलेल्यांचं मागच्या खोलीत मोठमोठ्या पिंपांतून द्राक्षासव करायचा. गोदू माहेरी आली की त्या पिंपांचंच सांगायची.

"कान लावला ना, का आतून बुडबुड ऐकू येते," मैना शेजारच्या शांताबाईला सांगत होती. "झोपेत कोन बोलतंय असं वाटतं."

"मंग लडकूभावजींना नको नेऊ," शांताबाई म्हणाली. "तेबी कान लावतील आनि तिथंच र्‍हातील."

"ते कसले र्‍हातात. त्यांना इथून हलवायलाच मला तीन वरसं लागली."

बेत तसा सोपा होता. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. गुरुवारी ड्युटी संपली की एस.टी. धरायची, शुक्रवार बागेत काढायचा, शनिवारी रात्री घरी. अडत होतं ते शनिवारच्या शिफ्टपाशी.

"जा ना, कौन रोकता है," शेठ म्हणाला होता. "लेकिन बदली तू देगा. मशीन खाली नहीं रहना चाहिए."

रजेवर जाणार्‍यानं आपल्या जागी माणूस आपणच आणून उभा करायचा, ही तिथली रीत. बदलीचा हात शेठला आवडला, तर परत आलेल्याला ते दारातच कळायचं. लडकूला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचे चार लूम त्याला असेच मिळाले होते. विठू मेहुण्याच्या लग्नाला गेला, लडकू बदली म्हणून उभा राहिला आणि उभाच राहिला. विठू आता नाक्यावर केळी विकतो. लडकू लांबचा रस्ता धरून कामाला जातो.

"तुमच्या कारखान्यातल्या नवशाला उभा करा ना," मैना भाकरी थापता थापता म्हणाली. "हात चांगला हाय म्हनतात."

"लय चांगला हाय. म्हनून तर नको."

"मंग?"

"चिंधू."

मैनाचा हात थांबला. "आपला दिघाशीचा? सुताच्या कांड्या भरतो तो? आवो, त्यानं हात लावला तर बंद लूमची पन तार तुटल."

"तुटू दे. शेठला कलू दे लडकू काय हाय ते."

आपण फार हुशारी केली असं लडकूला त्या रात्री वाटलं. सकाळी मुकादमाला, अनंताला, नाव सांगितलं तेव्हा तो हसला नाही, ही पहिली वाईट गोष्ट.

"चिंधू? बरं," अनंता म्हणाला. "पन एक ध्यानात ठेव. बदली तू दिलीस, तर कापड खराब झाल्यावर बोलनी तू खायची. आनि शेठ नुसता बोलून थांबत न्हाय."

लडकूचं बोट भुवईवर गेलं. बदली चांगला निघाला तर लूम जाणार, वाईट निघाला तरी लूम जाणार. मैनाला नको म्हणावं, तर तिनं नवं लुगडं पेटीतून काढून खुंटीवर टांगलं होतं. येता-जाता ते त्याच्या खांद्याला लागायचं.

मग एकच उरलं. चिंधूला शिकवायचं. फार नाही, कामापुरतं.

लूम चालू असताना कारखान्यात माणसाचा आवाज ऐकू येत नाही. तिथं सगळे हातांनी बोलतात. दोन बोटं फाकवली म्हणजे सुताची तार तुटली. मूठ आवळून वळवली म्हणजे घट्ट कर. शेठ येतोय हे सांगायला नवशा पोट पुढं काढून दाखवायचा. लडकू चिंधूला शेजारी उभा करून असाच शिकवायला लागला. गळ्यात गमछा, डोळे भेदरलेले, चाळिशी ओलांडलेला तो माणूस लडकूच्या हातांकडे बघत राहायचा.

"तू धोट्याला घाबरतोस," लडकू जेवणाच्या सुट्टीत म्हणाला.

"घाबरतो ना. सूत घेऊन इकडून तिकडं सुटतो तो. तोंडावर आला तर?"

"त्याच्याकडं बघायचंच न्हाय. कापडाकडं बघ."

"आसं हाय व्हय? मला कोनी सांगितलंच न्हाय, दादा. सगले नुसते हसायचे."

चिंधू कापडाकडे बघायला लागला आणि तारा तुटायच्या कमी झाल्या. बुधवारपर्यंत तर तार तुटल्याबरोबर त्याचा हात लडकूच्या आधी पोचायला लागला. लांबून अनंतानं शाबासकीचा अंगठा वर केला. तो कुणाला दाखवला, हे लडकूला कळेना. रात्री त्याला भात जाईना.

"शिकला का चिंधूभाऊ?" मैनानं विचारलं.

"शिकला."

"मंग तोंड का आसं?"

"शिकला म्हनूनच."

ती गोदूसाठी सुकट बांधत होती. पिंपळगावला सगळं मिळतं, सुकट मिळत नाही, असं गोदूचं गार्‍हाणं. सुतळीला गाठ मारता मारता तिनं विचारलं, "तुमची भुवई कुठल्या लूमनं फोडली हो?"

"चवथ्या."

चौथ्या लूमला खोड होती. धोट्याला टोला देणारी चामड्याची पट्टी दुपारी सैल पडायची. तिचा आवाज जरा जाड व्हायचा. तेव्हाच लूम थांबवून ती आवळली नाही, तर धोटा सरळ माणसावर उसळायचा.

"चिंधूभाऊला सांगितलंत?"

लडकूनं भात ताटाच्या कडेला सारला. एवढी एक गोष्ट त्यानं आपल्यापाशी ठेवली होती. शनिवारी दुपारी चौथा लूम अडला की सगळ्यांना लडकूची आठवण होणार होती.

मैनानं सुतळीला दुसरी गाठ मारली आणि पिशवी खुंटीखाली ठेवली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी एस.टी. स्टँडवर नाशिकची गाडी लागली. सुकटीच्या वासानं पुढच्या बाकावरच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं. मैना नव्या लुगड्यात अवघडून बसली होती. लडकू सारखा उठून बघत होता, जणू त्याचे लूम कुणी मागच्या गाडीतून घेऊन चाललंय. तेवढ्यात खिडकीखाली चिंधू आला. धापा टाकत होता. आज त्यानं दाढी केली होती.

"दादा, बायकोनं देवाजवल नारल ठेवलाय. उद्या सुट्टी, परवा मी उभा. समदं ध्यानात हाय. कापडाकडं बघायचं. अजून काय र्‍हायलंय का?"

"न्हाय," लडकू म्हणाला.

"सावकास जा. वहिनी, द्राक्षं आना."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी घरघरत मागं सरकली. चिंधू हात वर करून उभा होता, हसत होता, आणि त्या तुळतुळीत चेहर्‍यावर लडकूला आपल्या भुवईची खूण दिसली. त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"चिंधू, चवथा लूम," तो ओरडला, पण इंजिनाच्या आवाजात काही पोचेना. चिंधूनं कानाला हात लावला.

तेव्हा लडकूचे हात बोलायला लागले. चार बोटं. मग हातानंच सूर्य डोक्यावरून कलवला. मग कान. मग दोन्ही हात ताणून सैल सोडले, मूठ आवळून वळवली. शेवटी भुवईवर बोट ठेवलं आणि जोरात मान हलवली.

चिंधूचं हसू थांबलं. त्यानं चार बोटं दाखवली, मूठ वळवली, स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. सगळं बरोबर, एकही चूक नाही.

गाडी नाक्यावरून वळली. कोपर्‍यावर विठूची केळ्यांची गाडी होती, आणि या वेळी लांबचा रस्ता नव्हता.

"काय सांगितलंत त्याला?" मैनानं विचारलं.

"र्‍हायलेलं."

"आता?"

"आता काय. रविवारी सकाली जाऊन बघायचं, लूमवर कोन हाय."

त्याचं बोट पुन्हा भुवईवर गेलं. मैनानं सुकटीची पिशवी मांडीवरून पायाशी ठेवली, त्याचा हात तिथून ओढून खाली घेतला आणि धरून बसली.