व्हॅनमधला वास

शेवटच्या सहलीत आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, राखाडी लोकरीचा मफलर हरवला. "अणदूरला देवळातच इसरलो. डोस्कं चालंना आता," म्हणाले आणि व्हॅनची चावी माझ्या हातात दिली. पुन्हा त्यांनी गाडी चालवली नाही.

व्हॅन पत्र्याखाली उभीच राहिली. राखण म्हणून पुढच्या खणात ठेवलेलं खंडोबाचं खोबरंही तिथंच राहिलं. देवाचा प्रसाद कोण काढणार? उंदरांचं आयतंच फावलं.

आबा गेल्यावर दार उघडलं, तर असला घाण वास की डोकंच उठलं. साबण झाला, लिंबाच्या पाल्याची धुरी झाली, तरी वास जाईना. शेवटी संतापून मागचं सीटच उपसलं. खाली उंदरांचं घरटं होतं, राखाडी लोकरीचं.

आबा देवळात काहीच विसरले नव्हते.