सुमनताईंची खोटी माशी

सुमनताईंची आणि माझी ओळख माझ्या कानामार्फत झाली. नगरला सावेडीतल्या आमच्या गच्चीवर मी सकाळचा चहा पीत उभा होतो. हवेतून काहीतरी सूं करत आलं आणि कानाच्या पाळीला चाटून गेलं. वळून पाहिलं, तर शेजारच्या गच्चीवर पासष्टीच्या एक बाई पदर कमरेला खोचून उभ्या. हातात लांब, लवचीक काठी, काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला पिवळ्या लोकरीचा गोंडा. मला वाटलं, बाई माफी मागतील. त्या म्हणाल्या, "वारा पश्चिमेचा आहे. जरा डावीकडे सरकून प्या ना चहा." मी सरकलो. त्यानंतर आजतागायत मी त्यांच्यापुढे सरकतच आलो आहे.

काठी मासे धरायची होती, आणि बाई देशपांडे! घरात अंडंसुद्धा येत नसे. त्यांचे दिवंगत यजमान लष्कराच्या हिशेबखात्यात होते. बदली होऊन काही वर्षं हिमाचलात गेले आणि तिथे त्यांना ट्राउट माशांचा नाद लागला. ते नदीत उभे राहून दोरी फेकत आणि ताई काठावर बसून स्वेटर विणत. एक दिवस यजमानांना पडसं झालं म्हणून यांनी काठी हातात घेतली. "मग ते विणायला बसायचे का?" मी विचारलं. "नाही हो. पोहे करायचे," ताई म्हणाल्या.

गळाला गांडूळ लावणं त्यांना किळसवाणं वाटे. त्या कोंबड्याच्या पिसांची माशी बनवत. गळावर पीस बांधायचं, दोरा गुंडाळायचा, की पाण्यावर किडा बसल्यागत दिसतं. "मासा खरा, माशी खोटी," असं म्हणत त्या चिमटीत धरून ती मला दाखवायच्या. त्या पिसांसाठी त्या चिकनच्या दुकानात जाऊन उभ्या राहत आणि "मानेवरची द्या हो, तांबूस," असं सांगून पिशवी भरून आणत. कॉलनीत कुजबुज झाली. देशपांडेबाई कोंबडी खायला लागल्या म्हणे! मी ती कुजबुज त्यांच्या कानावर घातली. त्या म्हणाल्या, "खाते म्हणेनात का. पिसं ताजी मिळतात."

नगरला परतल्यावर त्यांनी ट्राउटची हौस प्रवरेवर भागवली. नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडे त्यांचं माहेर. गावाजवळ खडकातला एक डोह आहे आणि त्यात खडशी, म्हणजे आपला देशावरचा महसीर मासा. इतर लोक पाणी भरपूर असताना मासे धरतात. ताईंना हवा असे हंगामाचा शेवट. पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळलेलं, धार बारीक झालेली, तळाचे गोटे मोजता यावेत इतकं नितळ. अशा पाण्यात माशाला माणूस लांबून दिसतो, दोरी दिसते, सावली दिसते. "पाणी उतरलं की मासा शहाणा होतो," त्या म्हणत. "माणूस आहे तेवढाच राहतो."

पण पकडलेला मासा त्या परत सोडत. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवलेला असे, म्हणजे माशाला इजा नको. फोटोही नाही. "मासा पाण्याबाहेर धरून फोटो काढायचा म्हणजे बुडणाऱ्या माणसाला 'जरा हसा' म्हणण्यासारखं आहे." त्यामुळे त्या नेहमी रिकाम्या हाताने येत आणि सांगत, "हाताएवढी खडशी होती. सोडली."

यावर कोण विश्वास ठेवणार? डोहाला लागून दगडूअण्णांचं रान आहे. ते आणि ताई एका शाळेत होते. अण्णा मिशीत हसून म्हणत, "आक्का, सुटला म्हना की. लाज कसली त्यात? आमचाबी सुटतोय." ताई तडकत. "दगडू, सुटला तो तुझा. मी सोडला!" खरं सांगतो, माझाही विश्वास नव्हता. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो होतो आणि दोन्ही वेळा उंबराखाली झोपलो होतो.

इथवर सगळी गंमत होती. मग त्यांच्या मुलाचा, मिलिंदचा, पुण्याहून मला फोन आला. "काका, आई ठीक आहे ना? परवा गॅस चालू राहिला होता म्हणे. आणि ते मासे… कुणीच पाहिलेले नाहीत. तिला भास होत असतील का?" मुलगा गुणी, आईवर जीव टाकणारा. त्यानेच मला सांगितलं की सावेडीचं घर विकायचं आणि आईला कायमचं पुण्याला न्यायचं, असं त्याने ठरवत आणलं आहे. मी ताईंकडे गेलो. त्या गच्चीवर नुसत्या बसल्या होत्या, काठी भिंतीला टेकलेली. "गॅस विसरले, ते खरं," त्या म्हणाल्या. "पण मासा खोटा ठरला, तर माझं पुढचं कुठलंच बोलणं खरं राहणार नाही हो." मला फार वाईट वाटलं, आणि आपण झोपलो होतो याचा रागही आला.

मग त्यांनीच फोन करून मुलाला सांगितलं, "एक दिवस माझ्याबरोबर नदीवर चल. मासा नाही लागला तर मी मुकाट्याने पुण्याला येते." मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. जुन्या सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, रब्बीचं आवर्तन सोमवारी सुटतंय. धरणाचं पाणी नदीत आलं की डोह भरून गढूळ होणार आणि यंदाचा हंगाम संपणार. हातात होता तो रविवार.

मिलिंद पांढरे बूट आणि केशरी जाकीट घालून आला आणि थेट डोहाच्या काठावर जाऊन उभा राहिला. "खाली बस," ताई ओरडल्या. "तुझी सावली त्यांच्या ताटात पडतेय!" तो बसला. दगडूअण्णाही कडब्याची पेंढी टाकून बघायला येऊन बसले. ताई गुडघाभर पाण्यात शिरल्या. पाणी इतकं स्वच्छ, की त्यांच्या पायाची बोटं आम्हाला काठावरून दिसत होती. दोरी मागे गेली, पुढे आली, माशी पाण्यावर अलगद बसली. तळातून एक काळी सावली वर आली, माशीखाली थांबली आणि परत फिरली.

"बघून गेला, आक्का," अण्णा म्हणाले. "शिकल्याला दिसतोय."

दुपार झाली. ताईंनी पाच-सहा माश्या बदलल्या. लहान केल्या, आणखी लहान केल्या. मासा यायचा, बघायचा, जायचा. मिलिंद घड्याळ बघायला लागला. शेवटी ताई बाहेर आल्या आणि काठी मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, आईने हार मानली. मलाही तसंच वाटलं.

तेवढ्यात पलीकडच्या उंबरावरून एक पिकलं उंबर पाण्यात पडलं. टप्! त्या जागी पाणी फिरलं आणि उंबर नाहीसं झालं. थोड्या वेळाने आणखी एक पडलं, तेही गेलं. ताई ताडकन उठल्या. "काय खुळी मी! हिमाचलातलं जेवण वाढतेय यांना. हा देशावरचा मासा आहे." त्यांनी आपल्या विटकरी स्वेटरच्या बाहीची लोकर उसवली, दाताने तोडली आणि गळावर गुंडाळून गच्च, गोल उंबर बनवलं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी दोऱ्याचं टोक गळाच्या बारीक नेढ्यातून एका फटक्यात ओवलं. मिलिंद त्या हातांकडे बघत राहिला. हात जराही हलत नव्हते.

आयुष्यभर माशी अलगद टाका म्हणून सांगणाऱ्या बाईंनी ते लोकरीचं उंबर मुद्दाम दाणकन आपटलं. टप्! पाणी फुटलं आणि काठी कमानीसारखी वाकली.

"आयला! घावला की वो!" दगडूअण्णा उभेच राहिले. दोरी करकरत खडकाकडे धावली. ताई वाकल्या, सरकल्या, दोरी सोडली, पुन्हा ओढली. पदर भिजला, चष्मा नाकावर घसरला. "मिलिंद, ये पाण्यात!" "आई, बूट…" "बुटासकट ये!"

तो आला. ताईंनी त्याचे दोन्ही तळवे पाण्याखाली धरायला लावले आणि मासा त्यावर आणला. सोनेरी खवले, रुपयाएवढे. हाताएवढी नव्हतीच ती खडशी. हातापेक्षा मोठी होती. ताईंनी गळ काढला. मिलिंद लहान मुलासारखा हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"आता सोड."

"आई, अजून थोडा वेळ…"

"तिला दम लागलाय. सोड रे बाळा."

त्याने तळवे उघडले. खडशी क्षणभर तिथेच थांबली, मग शेपटीच्या एका फटक्याने तिने त्याच्या जाकिटावर पाणी उडवलं आणि ती खडकाखाली गेली. दगडूअण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. "आक्का," ते म्हणाले, "माझं चुकलं गं. इतकी वर्सं तू सोडीत हुतीस. आमी उगंच दात काढले."

"काढ अजून," ताई म्हणाल्या. "थोडेच उरलेत."

परतीच्या वाटेवर संगमनेरच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. ताई गरम भजी खात होत्या. मिलिंदच्या बुटांतून अजून पाणी निथळत होतं. तो हळूच म्हणाला, "आई, पुण्याला तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय मी. फिकट निळी."

ताईंनी तिखट मिरचीचा तुकडा मोडला आणि त्याच्या बशीत ठेवला.

"छान केलंस," त्या म्हणाल्या. "आता भाड्याने दे."