कपांची यादी

माझा मित्र विनायक याच्या घरून मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी मिल्टन कीन्सच्या एका राउंडअबाउटला गाडीने तिसरी प्रदक्षिणा घालत होतो. "हे गेले, भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या. मग आणखी दोन प्रदक्षिणा झाल्या... बाहेर पडायचा रस्ताच दिसेना.

विनायकला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती : लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या वॉर्डातली कौन्सिलची जागा. जुने कौन्सिलर निवृत्त झाले, जागा रिकामी झाली आणि हा मुखदुर्बळ माणूस अपक्ष म्हणून उभा राहिला. दारोदारी बोलायला अर्थातच मी! गोऱ्यांच्या दारात दोन मिनिटांत निकाल लागे. आपल्या लोकांकडे मात्र आत बसवत, पोहे येत, चहा येई. उठताना मी विचारायचो, "मग, मत?" यजमान दुखावल्यासारखे म्हणत, "अहो, हे काय विचारणं झालं!" बाहेर आल्यावर विनायक क्लिपबोर्डवरच्या यादीत त्या नावापुढे छोटासा कप काढी. चहा झाला, मत पक्कं.

मतदानाच्या दुपारी तो म्हणाला, "कपवाल्यांना एकदा आठवण करू या का रे?"

मी रस्त्यातच दोन्ही हात पसरले. "विन्या, आपल्या माणसांना आठवण? अपमान वाटेल त्यांना!"

ऐकलं त्याने माझं. संध्याकाळी मी स्वतः मत द्यायला गेलो, तर फोटो आयडी घरी. आणायला निघालो, वाटेत एका ओळखीच्या दारात गप्पा रंगल्या, माझ्या गप्पा त्या... आणि केंद्र बंद झालं.

विनायक नऊ मतांनी पडला. पुढच्या आठवड्यात कपवाले भेटत आणि म्हणत, "तुम्ही निवडून येणारच होता हो, म्हणून मत द्यायला नाही गेलो." तो म्हणे, "चहा मात्र फक्कड होता." पुन्हा तो कधी उभा राहिला नाही. हा किस्सा मी दर गणपतीत साभिनय सांगायचो, तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. त्यात माझं न दिलेलं मत कधी आलं नाही. पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी... असं करत वर्षं गेली.

परवा वहिनींना भेटायला गेलो. क्लिपबोर्ड अजून दारामागच्या खिळ्याला आहे. मी माझं नाव शोधलं. पुढे कप नव्हता. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'याला विचारायचं नाही. घरचा.'

"चहा टाकू ना, भाऊजी?" आतून वहिनींनी विचारलं.

मला हो म्हणवेना.