वापरात असलेली फाइल

जासईजवळच्या कंटेनर यार्डात मी वजनकाट्याच्या ऑफिसात बसते. गेटपासचा नवा प्रोग्राम टाकला आणि वजनाचा जुना प्रोग्राम उघडेना. बाहेर ट्रेलरची रांग हायवेपर्यंत गेली.

तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो आला. पन्नाशीचा, इथल्याच गावातला. आमच्या ऑफिसात कुणी चप्पल काढत नाही, त्याने दाराबाहेर काढली.

"दोघांना एकाच नावाची फाइल लागते, ताई. पन याला जुनी पायजे, त्याला नवी."

त्याने प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये ज्याची त्याची फाइल ठेवली आणि दोन्ही प्रोग्राम चालू झाले. मूळ जागेवरची जुनी फाइल आता कुणाच्याच कामाची नव्हती.

"उडवा ना ती," मी म्हटलं.

त्याने डिलीट दाबलं. फाइल वापरात आहे, असं आलं. दोन्ही प्रोग्राम बंद केले, मशीन बंद करून परत चालू केलं. तरी वापरातच.

झोपलेल्या बाळाजवळून उचलावा तसा त्याने माउसवरचा हात हळूच उचलला. खिडकीतून काट्याकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. इथं आमचं मिठागर होतं. कोनीतरी आपल्या आधीपासून हाय."

निघताना "येतो" म्हणाला, तेही माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघून. मला हसूच आलं.

आता रोज मशीन बंद करताना मीही "येते" म्हणते. एकदाच म्हणायला विसरले. सकाळी कुलूप काढून आत आले, तर मशीन चालू होतं. बाहेर काटा रिकामा होता आणि स्क्रीनवर वजन होतं साठ किलो.