टाकेवाले आबा

आमचे थोरले चुलते, आबा, कुणाहीसमोर सदरा वर करत. पोटावर अपेंडिक्सचा वीतभर व्रण होता. भिगवणच्या हॉटेलात शेजारचा माणूस मासळी खातोय, याचंही त्यांना काही वाटत नसे. "चौदा टाकं हायती. मोजा," म्हणत. अख्खं कळस गाव त्यांना टाकेवाले आबा म्हणायचं आणि आबांना तो सन्मान वाटायचा.

ऑपरेशन म्हणजे टाके, यापलीकडे त्यांची अक्कल जात नव्हती. नव्वद सालानंतरची गोष्ट. सणसरच्या माझ्या मामांच्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीने काढले. आबा भेटायला गेले आणि पोटावरच्या चार बारीक पट्ट्या बघून म्हणाले, "एवढ्याशा भोकातनं काय निघतंय? फसवलं तुमाला डाक्टरनं." मामा बिचारे हसले. आम्ही सगळेच हसायचो, कारण आबा थोरले होते.

माझा खालचा जबडा पुढे आलेला. पुढचे दात एकमेकांवर बसत नसत. भाकरीचा तुकडा तोडायलाही दाढेकडे न्यावा लागे. वाढ पुरी झाल्यावर बारामतीच्या दंतवैद्यांनी पुण्याच्या सर्जनकडे पाठवलं. त्यांनी सगळं तोंडाच्या आतून केलं. आतूनच लहान छेद घेऊन हाड कापलं, मागे सरकवलं आणि ते जुळेपर्यंत हलू नये म्हणून वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकले. सहा आठवडे नुसती पेज आणि ताक. चेहऱ्यावर मात्र ओरखडाही नव्हता.

हेच आबांना खुपलं. माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे फिरवलं. "टाका कुठंय? आप्रेशन झालंच न्हाय. नुस्ती तार बांधून पोरीला उपाशी मारत्यात." माझी उपासमार त्यांना खरंच बघवत नव्हती, एवढं मी मान्य करते. आई शेतावर होती. वडील "आबा, डाक्टरनी सांगितलंय..." एवढंच म्हणाले. आबांनी ट्रॅक्टरच्या हत्यारांतली पक्कड आणली. बांधलेल्या तोंडातून मला धड ओरडताही येईना. वडिलांनी माझे हात धरले. तारा तुटल्यावर आबांनी मला भाकरी चावायला लावली.

हाड सरकलं. पुन्हा पुणं. या वेळी हाडाला धातूची पट्टी बसवायला जबड्याखाली बाहेरून कापावं लागलं. आबा भेटायला आले, वाकून नऊ टाके मोजले आणि समाधानाने वडिलांना म्हणाले, "आता झालं बघ खरं आप्रेशन."

वडील "व्हय" म्हणाले.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. हा व्रण तुमच्यामुळे आहे, हे त्यांना मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही. मीही नाही, आणि माझं तोंड तर केव्हाच मोकळं झालं होतं.